बाबांचे चिमटे आणि लग्नाची गाडी

“फाटली! अख्ख्या वऱ्हाडासमोर फाटली! नवरी बसली मात्र, आणि टर्रर्र!”

गिरगावचे काका लालबागच्या आमच्या गल्लीत गाडीचे चारही दरवाजे उघडून ओरडत होते. आवाज असा की शिवडीच्या खाडीत एका पायावर उभे असलेले फ्लेमिंगो त्या सकाळी दुसऱ्या पायावर आले असणार. चाळीच्या तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या भरल्या. समोरच्या मोमोवाल्याने भांड्यावरचं झाकण उचललं ते तसंच हातात धरून राहिला.

“काका, जरा हळू,” मी म्हटलं.

“हळू? काल दादरला हॉलच्या दारात नवरदेवाच्या आत्याला वाटलं फटाका फुटला. ती खाली वाकली. ती वाकली म्हणून बॅण्डवाले वाकले. नवरीच्या शालूला स्पंज चिकटला होता, बाई, पिवळाधमक स्पंज! आणि फोटोवाल्याने सगळं टिपलंय!”

मी गाडीत डोकावले. काकांची गाडी क्रीम रंगाची, विलायती, लांब नाकाची. कुणाच्या तरी पणजोबांनी बोटीतून आणलेली असावी. अशा सहा जुन्या गाड्या काकांकडे होत्या आणि त्या ते लग्नांना भाड्याने देत. या गाडीच्या मागच्या सीटवरचं तांबूस चामडं शिवणीशिवणीतून उसवलं होतं. कडा वर वळल्या होत्या आणि मधून स्पंजाने जीभ बाहेर काढली होती.

ते चामडं आमचं होतं. सीटही आम्हीच करून दिली होती, जेमतेम महिन्याभरापूर्वी. देताना काका म्हणाले होते, “ही पहिली. नीट टिकली तर बाकीच्या पाचही तुमच्या.” त्या पाच गाड्यांवर आमचं दुकान टांगलेलं होतं. कसं, ते सांगते.

आमचे बाबा मूळचे मालवणकडचे. परळच्या एका गिरणीत पट्ट्यांच्या खात्यात होते. त्या जुन्या गिरणीत छताखालून एक लांबलचक दांडा फिरायचा आणि त्यावरून चामड्याचे पट्टे खाली येऊन साचे, म्हणजे माग, चालवायचे. पट्टा सैल पडला की चाकावरून घसरायचा, आणि एक पट्टा घसरला की ओळच्या ओळ थांबायची. मग जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, बाबांच्या सात पिढ्यांची चौकशी करायचा. म्हणून पट्टा कापण्याआधी बाबा चामडं ओलं करत, दोन्ही टोकांना वीतभर रुंदीचे लोखंडी चिमटे लावत आणि लाकडी चौकटीवर असं ताणून वाळवत की त्यावर बोट मारलं तर ताशासारखं वाजावं. सगळा ढिलेपणा आधीच काढून घ्यायचा. बाबांनी ताणलेला पट्टा पुन्हा कधी सैल पडला नाही. ते सांगतात, गिरणी बंद झाल्यावर दांडा थांबला, दिवे गेले, माणसं गेली, तरी त्यांचे पट्टे आणखी दोन महिने आपले आपणच फिरत होते. मी ते पाहिलेलं नाही, पण बाबांनी शपथेवर सांगितलंय.

गिरणी गेली तेव्हा हिशेबात जे काय हाती पडलं त्यातून बाबांनी चाळीच्या तळमजल्यावरचा हा गाळा घेतला आणि पट्टे विकू लागले. पिठाच्या गिरण्या, लाकडाच्या वखारी, रे रोडचे लहानमोठे कारखाने, सगळ्यांना पट्टा लागायचा. चामड्याचा धंदा म्हणून चाळीतल्या काही नाकांना सुरुवातीला फार त्रास झाला. गणपतीची वर्गणी घ्यायला तीच नाकं दुकानात आली की मात्र त्यांना सर्दी झालेली असायची. पुढे रबरी पट्टे आले, मग पट्ट्याशिवायची यंत्रं आली. बाबा स्टुलावर बसून एकेका गिऱ्हाईकाला जाताना बघत राहिले. बाकी काही नसलं की ते समोरच्या मोमोवाल्याची ताडपत्री बघत. ती मधोमध झोळीसारखी लोंबायची. “ढिली,” ते म्हणत. “बघवना नाय माका.” रोज म्हणत. मोमोवाला रोज हसून मान डोलवायचा, कारण त्याला मालवणी कळत नव्हती.

गाड्यांच्या चामड्याची शक्कल मी काढली. परळच्या गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले आणि त्यांच्या पोटात गाड्या भरल्या. मी विचार केला, एवढ्या सगळ्या गाड्यांत माणसं उभी थोडीच राहतात? चेन्नईहून म्हशीचं मऊ, पातळ, रंगवलेलं चामडं मागवलं. रे रोडचा एक सीट शिवणारा गाठला. पण टॉवरवाल्यांना सगळं कंपनीकडून तयार मिळायचं आणि टॅक्सीवाल्यांना रेक्झिन पुरायचं. वर्षभर चामड्याच्या गुंडाळ्या आमच्याकडे पाहुण्यासारख्या राहिल्या. शेवटी आईने जाहीर केलं, “आषाढाच्या आधी धड काम आलं तर आलं. नाहीतर गाळा मोमोवाल्याला भाड्याने. त्याला विचारून झालंय माझं.”

मोमोवाला खरंच टेप घेऊन आला होता. आमच्या डोळ्यांदेखत त्याने फ्रीज कुठे बसेल ते मोजलं. आणि त्याच आठवड्यात गिरगावच्या काकांची गाडी आली. तेव्हा गल्लीत ओरडणारे काका म्हणजे आमच्यासाठी नुसते काका नव्हते. ते ओरडून निघून गेले असते तर आमच्या दुकानात मोमो उकडले असते.

“विषय संपला,” काका म्हणाले. “सहाही गाड्यांना रेक्झिन. चामडं नको आणि तुम्हीही नको.”

इतका वेळ बाबा स्टुलावर बसून होते. ते उठले. मला वाटलं माफी मागतील. ते सरळ गाडीत शिरले आणि फाटक्या सीटच्या मधोमध, स्पंजावर, मांडी घालून बसले.

“काम परत गावल्याबिगर मी उठूचंय नाय.”

“अहो, उतरा! हा काय प्रकार?”

“बंद गिरणीच्या दारात वर्सभर बसलेलो माणूस मी. हय तर गादी आसा.”

काकांनी दार धरून ओढलं, हात धरून ओढलं, चाळीतल्या दोघांना बोलावलं. ते दोघे आले आणि बाबांच्या शेजारी बसले. गॅलरीतून घोषणा सुरू झाल्या. कुणाला नक्की काय पाहिजे ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण लालबागला घोषणा द्यायला कारण लागतं असं थोडंच आहे? दुपारी आईने खिडकीतून बाबांना ताट दिलं. बांगड्याचं तिखलं आणि भात. काका तीन पिढ्यांचे शाकाहारी. गाडीत बांगडा उतरलेला बघून त्यांनी कपाळावर हात मारला, शेजारच्या दोघांना बाहेर काढलं, चावी फिरवली आणि बाबांसकट गाडी सुरू केली.

बॉनेटवर कालच्या लग्नाचे हार तसेच होते. मागे स्पंजावर मांडी घातलेले बाबा, हातात ताट. लोक रस्त्यात थांबून बघत होते. भायखळ्याच्या सिग्नलला एका बाईने त्यांना वाकून शुभेच्छा दिल्या म्हणे, आणि बाबांनी त्या घेतल्या.

संध्याकाळी बाबा बसने परत आले. तिकडे गिरगावला काकांनी म्हणे गाडी दारात उन्हात लावली आणि ते जेवायला वर गेले. खाली आले तरी बाबा आतच. चहाची वेळ झाली तरी आतच. शेवटी काकांची लेक खाली आली. तिचं लग्न हंगामाच्या शेवटच्या मुहूर्तावर ठरलं होतं, आणि ती त्याच गाडीतून सासरी जाणार होती. तिने बाबांना ताक दिलं, जरा वेळ बघत राहिली आणि वडिलांना म्हणाली, “पप्पा, द्या त्यांना अजून एक संधी. नाहीतर माझ्या पाठवणीला हे आजोबा मागे बसलेले असतील.”

एक संधी मिळाली. तिच्या लग्नाला तीच सीट, खऱ्या चामड्याची, दिवसभर उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीत. टिकली तर पाचही गाड्या. एक टाका जरी सुटला तर काका परत येणार नव्हते, ओरडायलासुद्धा.

“दोरो कच्चो,” बाबांनी घरात पाऊल टाकताच निकाल दिला. मग म्हणाले, “पण गाडी तापली तशी चामडा माझ्या खालसून सरकत होता. जित्या जनावरासारखा.”

गाडी परत दुकानापुढे आली. रे रोडचा शिवणारा येऊन शिवण तपासून गेला. “चाचा, धागा तो साबुत है. छेद फटे हैं, छेद,” तो म्हणाला. धागा शाबूत होता, सुईची भोकं फाटली होती. म्हणजे चामड्याला कुणीतरी दोन्हीकडून ओढलं होतं. मी सीटवरचं चामडं उतरवलं आणि ज्या कागदी फर्म्यांवरून ते कापलं होतं त्यावर ठेवलं. चहूबाजूंनी कागद बाहेर डोकावत होता. फर्म्याबरहुकूम कापलेलं चामडं महिन्याभरात आखूड झालं होतं.

मला एकदम उमजलं. कारण ते चामडं कापण्याआधी बाबांनी ताणलं होतं. मी नको म्हणत होते. ते म्हणाले होते, “माझ्या हातसून ढिला चामडा भायर जावचा नाय.” ओलं करून, चिमटे लावून, चौकटीवर, जन्मभर जसं केलं तसं. सावलीत वाळलं तोवर ते ताठ राहिलं. गाडीत उन्हाने तापल्यावर ते आपल्या मूळ मापाला परत निघालं, आणि जाताना शिवणी घेऊन गेलं.

“बाबा, ताणल्यामुळे झालंय हे.”

“फर्मो चुकलो.”

“फर्मा तुमच्यासमोर कापला.”

“मगे म्हशीत खोट होती.”

म्हशीला दोष दिल्यावर वाद मिटायला पाहिजे होता, कारण ती बोलायला येणार नव्हती. पण वेळ नव्हता. मी म्हटलं, “ठीक. करून बघू.”

गल्लीच्या तोंडाशी एक काळीपिवळी टॅक्सी कित्येक वर्षं मेलेली उभी होती. चाकं नव्हती. आत मांजरं नांदायची. मांजरांना हलवलं आणि मागच्या सीटचे दोन भाग केले. डावीकडे बाबांनी ताणून दिलेलं चामडं, उजवीकडे त्याच कातड्याचं, गुंडाळी उघडून नुसतं पसरून ठेवलेलं. माप तेच, फर्मा तोच, शिवणारा तोच. काचा बंद करून टॅक्सी वैशाखाच्या उन्हात भाजू दिली. मोमोवाल्याच्या शेगडीपेक्षा ती टॅक्सी जास्त गरम होती. चाळीतल्या एकीने तिच्या टपावर पापड वाळत घातले ते भाजूनच निघाले. गल्लीत पैजा लागल्या. म्हातारे सगळे बाबांकडून.

आठवडाभराने टॅक्सी उघडली. आता वजन पाहिजे होतं. नवरीएवढं, शालू-दागिन्यांसकट. सगळ्यांनी आईकडे बघितलं.

“का, मी दिसते का तशी?” आई म्हणाली, पण पदर खोचून पुढे झाली. आधी उजवीकडे बसली. काही नाही. जरा हलली, उठली, पुन्हा धपकन बसली. काही नाही. मग सरकून डावीकडे गेली.

टर्रर्र.

आई फाटक्या शिवणीवर तशीच बसून राहिली आणि काचेतून बाबांकडे बघत म्हणाली, “ही तुमची बाजू ना?”

बाबा वळले. दुकानात जाऊन स्टुलावर बसले. मी मागोमाग गेले. चिमटे त्यांच्या मांडीवर होते. गिरणीतून त्यांनी आणलेली ती एकच वस्तू. त्यांच्या दांड्यांना बाबांच्या मुठीचे खळगे पडलेले.

“साच्यार ढिला चालायचा नाय गो,” ते म्हणाले.

“बाबा, इथे साचा कुठाय? इथे फिरतंय काय? नुसतं माणूस बसतंय.”

“तां माका कळता. हातांका कळूक होया ना.”

मी चिमटे त्यांच्या मांडीवरून उचलले आणि दारामागच्या खिळ्याला अडकवले. ते बघत राहिले. अडवलं नाही.

लग्नाला पंधरवडा उरला होता. मी नवं कातडं उघडलं, गुंडाळ्यांमध्ये सगळ्यात चांगलं होतं ते, आणि मोठ्या टेबलावर पसरून ठेवलं. कापण्याआधी त्याने नुसतं पडून आपल्या जागी बसायला पाहिजे होतं. बाबा टेबलाभोवती फेऱ्या घालत. एका कडेला जरा उंचवटा दिसला की त्यांची बोटं उठायची, हवेत थांबायची आणि परत खिशात जायची. असं काही न करणं किती कष्टाचं असतं ते मी तेव्हा पाहिलं. त्यांना घाम फुटायचा. साच्यांच्या खात्यात बारा तास राबून आलेला माणूस जसा दिसतो तसे ते संध्याकाळी दिसायचे, आणि दिवसभरात त्यांनी काडी हलवलेली नसायची.

आईने तोड काढली. त्यांच्यापुढे सुका जवळा निवडायला ठेवला. एक सूप संपलं की दुसरं. बाबांनी इतका जवळा निवडला की आम्ही खाल्ला, चाळीने खाल्ला, टॅक्सीतल्या मांजरांनी खाल्ला आणि उरलेला गावी पाठवला. तरी एक डोळा टेबलावर असायचाच. शिवणारा कापायला आला तेव्हा बाबा उठून उभे राहिले. मला वाटलं आता. ते कातड्यापर्यंत गेले, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि म्हणाले, “काप.”

सीट शिवून झाली, गाडीत बसली. काका येऊन बघून गेले. चेहऱ्यावर रेघ हलली नाही.

लग्नाच्या सकाळी मी कात्री घ्यायला दारामागे हात घातला, तर खिळा रिकामा. चिमटे नव्हते.

बाबा दुकानात एकटे कधी होते? आम्ही गाडीला चामडं लावायच्या आदल्या दुपारी आई बाजारात होती, मी रे रोडला. शिवलेली कव्हरं टेबलावरच होती. त्यांनी थोडंसं, अगदी थोडंसं ओढलं असेल तर? विचारावं तर ते कडक इस्त्रीचा सदरा घालून, केसांना तेल लावून, केव्हाचे हॉलकडे निघून गेले होते.

मी सुई, दोरा, कात्री, पिवळ्या स्पंजाला झाकायला एक टॉवेल, सगळं पर्समध्ये कोंबलं आणि दादर गाठलं. तोच हॉल. गाडी दारात, भर उन्हात, काचा बंद. हॉलमध्ये मुहूर्त, मंगलाष्टकं, जेवणावळी चाललेल्या. मी गाडीशेजारी उभी. आतून जरा कुईऽ झालं तरी माझा जीव वरखाली. बाबा हॉलच्या पायरीवर बसले होते, गुडघ्यांवर हात, गाडीकडे न बघता रस्त्याकडे बघत. विचारायला जवळ जावं, तर तेवढ्यात गाडी फुटेल अशी भीती.

पाठवणीची वेळ झाली. काकांनी डोळे पुसले आणि लेकीला हात धरून गाडीशी आणलं. आणि मग ते स्वतःच थांबले. त्यांना आठवलं असणार. लेकीला मागे ठेवून, भर वऱ्हाडात, फेट्यासकट ते आधी स्वतः आत शिरले. बसले. उठले. एकदा आपटून बसले. बॅण्डवाल्यांनी वाजवणं थांबवलं. कुणाची ते मला ठाऊक नाही, पण एक आत्या कानावर हात ठेवून उभी होती.

काही नाही.

काका उतरले, लेक बसली, शालू आवरला, शेजारी नवरा बसला. मला वाटतं दादरच्या सगळ्या कावळ्यांनी तेव्हा श्वास धरला होता. गाडी निघाली. चौकात वळली. एकही टाका बोलला नाही.

काका माझ्याकडे आले. “सोमवारी दोन गाड्या पाठवतो. तीन मागून येतील,” म्हणाले. मग बाबांकडे बोट दाखवून, “फक्त ह्यांना आत बसू देऊ नका.”

बाबा आणि मी बसने लालबागला उतरलो. त्यांनी कुणाच्या तरी तुटलेल्या मुंडावळीचे मणी, लाडवाचा पुडा, सगळं हातात धरलं होतं, जसे काही तेच लग्न करून आले होते. दुकानाचं दार उघडून ते स्टुलावर बसले. आई वरून ओरडून विचारत होती, काय झालं, काय झालं. समोर मोमोवाला वाफेत उभा होता. मी दारामागचा रिकामा खिळा दाखवला. सकाळपासून मनात होतं ते एकदाचं विचारलं.

“बाबा, खरं सांगा. चिमटे कुठे गेले?”

बाबांनी लाडवाचा पुडा सोडला, एक तुकडा तोंडात टाकला.

“मोमोवाल्याक दिलंय. तेची ताडपत्री ढिली होती.”